बायोप्सी दिली, आता रिपोर्टपर्यंतचे दिवस आणि पैसे

बायोप्सी आटोपली की बऱ्याच छोट्या-मध्यम रुग्णालयांत सिस्टर बाहेर येऊन "पेशंटबरोबर कोण आहे?" असं विचारतात आणि झाकण घट्ट लावलेली एक छोटी डबी हातात ठेवतात. आत पाण्यासारखा दिसणारा, नाकात झोंबणारा द्रव आणि तळाशी बारीक शेवेच्या तुकड्यांसारखे दोन-तीन पांढुरके धागे. "एवढं लॅबमध्ये देऊन या. रिपोर्ट पाच-सहा दिवसांनी." डबी सांभाळत रिक्षात बसलेल्या माणसाच्या डोक्यात दोन प्रश्न असतात. कॅन्सर निघेल का, हा पहिला. दुसरा कोणी मोठ्याने विचारत नाही, कारण अशा वेळी पैशांचं बोलणं बरं दिसत नाही: या सगळ्याला लागणार किती?

पैशांचं बोलायलाच हवं. बायोप्सी ही स्वतः काही फार महाग तपासणी नाही. खिसा रिकामा होतो तो बहुधा नंतरच्या दिवसांत, रिपोर्ट हातात नसताना, "काहीतरी करत राहिलं पाहिजे" या घाईपोटी. ज्यांची अजून गरज नाही अशा तपासण्या उरकल्या जातात, कोणीतरी सुचवलेलं औषध येतं, कागद पुरे नसताना मुंबईची वारी होते. म्हणून खर्च आणि वाट यांचा हिशेब इथे एकत्रच मांडला आहे.

बिल कशाकशाचं

बायोप्सीच्या बिलात बहुधा तीन माणसांचं काम असतं: तुकडा काढणारे डॉक्टर, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बघून सुईला दिशा देणारे रेडिओलॉजिस्ट आणि तुकडा तपासणारे पॅथॉलॉजिस्ट. काउंटरवर सांगितलेला आकडा अनेकदा यांपैकी पहिल्याचाच असतो. लॅबचे पैसे वेगळे आहेत हे डबी हातात आल्यावर कळतं. त्यामुळे "बायोप्सीला किती?" असं विचारू नका. "सुई, सोनोग्राफी, लॅब आणि आधीच्या रक्ततपासण्या धरून किती?" असं विचारा आणि आकडा कागदावर घ्या.

पुण्या-मुंबईसारख्या शहरांतले खासगी दर ढोबळमानाने सांगायचे तर बारीक सुईने पेशी खेचून घेण्याची एफएनएसी ५०० ते २,००० रुपयांत होते. सोनोग्राफीच्या मदतीने केली तर त्यावर हजार-दोन हजार. जाड सुईची, म्हणजे ट्रूकट किंवा कोअर बायोप्सी, सोनोग्राफीखाली साधारण ४,००० ते १०,००० आणि सीटी स्कॅनखाली ८,००० ते २०,०००. एंडोस्कोपी करून पोटातला तुकडा घेतला तर ३,००० ते ८,०००. प्रोस्टेटची बायोप्सी, जिच्यात सहसा दहा-बारा तुकडे घेतात, १०,००० पासून ३०,००० पर्यंत जाते. लहान तुकडा तपासण्याचे लॅबचे पैसे ६०० ते २,०००. ऑपरेशन करून काढलेला अख्खा अवयव असेल तर २,५०० ते ६,०००. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात यापेक्षा जास्त आणि तालुक्याच्या गावी कमी लागू शकतात. दोन-तीन ठिकाणी फोन केला की तुमच्या गावचा खरा भाव कळतो.

हे फोन करावेच लागतात, कारण खासगी लॅबने किती पैसे घ्यावेत हे ठरवणारा कायदा आपल्याकडे नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. मात्र राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार खासगी रुग्णालयाने प्रमुख सेवांचं दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. दिसली नाही तर मागा. आवाज चढवायची गरज नसते, मागितलं एवढ्यानेच पुष्कळदा पुढचं बोलणं सरळ होतं.

बिलात आणखी तीन गोष्टी बघा. ट्रूकटची सुई एकदाच वापरायची असते आणि तिच्या पाकिटावर एमआरपी छापलेली असते. सुई वेगळी लावली असेल तर ते पाकीट मागून घ्या. आरोग्यसेवेवर आणि लॅबच्या तपासणीवर जीएसटी नाही, त्यामुळे बायोप्सीच्या किंवा लॅबच्या आकारावर तो लावलेला दिसला तर कारण विचारा. तिसरं, आधीच्या रक्ततपासण्या. रक्त गोठण्याची चाचणी, हिमोग्लोबिन, एचआयव्ही आणि कावीळ यांसाठी ८०० ते २,५०० रुपये जातात. महिन्याभरात यांतल्या काही झालेल्या असतील तर तो रिपोर्ट दाखवा, सगळ्या पुन्हा कराव्या लागतीलच असं नाही. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ती आठवणीने सांगा. पण आपल्या मनाने बंद करू नका.

दुसरं बिल

खरा धक्का बसतो तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी. लॅबमधून फोन येतो: "मार्कर्स लावावे लागतील, एवढे पैसे भरा." हे मार्कर्स म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, लॅबवाल्यांच्या भाषेत आयएचसी. साध्या रंगाने पेशी नुसती दिसते; आयएचसीने तिच्यावर कोणतं प्रथिन आहे ते कळतं आणि गाठ कुठून उगवली, कोणतं औषध लागू पडेल हे ठरतं. एका मार्करला १,००० ते २,५०० रुपये. स्तनाच्या कॅन्सरसाठी ईआर, पीआर, हर-टू हे तीन नेहमीचे. त्यांचे मिळून ३,००० ते ६,०००. हर-टूचा निकाल मध्येच अडकला तर फिश नावाची आणखी एक तपासणी, तिला ८,००० ते १५,०००. लिम्फोमाच्या संशयात मार्कर्सची यादी लांबते आणि बिलही.

लॅब इथे लुबाडते आहे असं समजू नका. अनेकदा आयएचसीशिवाय निदान पुरं होतच नाही. पण पैसे भरण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एक फोन करा: कोणते मार्कर्स, किती आणि आत्ताच का? पुढे टाटाला किंवा दुसऱ्या कॅन्सर रुग्णालयात जायचं जवळजवळ ठरलं असेल तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा. बाहेरून आलेल्या स्लाइड आणि ब्लॉक तिथे पुन्हा तपासले जातात, आणि काही मार्कर्स तिथेच लावणं सोयीचं ठरू शकतं. तेच काम दोनदा करून घेण्यात पैसे जातात आणि चिमूटभर तुकडाही संपत येतो. तुकडा संपला तर सुई पुन्हा टोचावी लागते.

डबी हातात आली तर

लॅबचा माणूस येऊन नेणार असेल तर उत्तमच. तुम्हालाच न्यायची असेल तर तिथून हलण्याआधी डबीवरचं लेबल वाचा. नाव, वय, तारीख, शरीराचा भाग आणि डावा की उजवा. हे डबीवर हवं आणि सोबतच्या फॉर्मवरही, दोन्हीकडे सारखं. फॉर्मवर डॉक्टरांचा संशय काय, आधी काय तपासण्या झाल्या, हे लिहिलेलं असावं. नुसतं "गाठ, बायोप्सी" एवढंच लिहून आलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टला अर्धवट पत्त्यावरून घर शोधायला लावतो, आणि ते शोधण्यात तुमचे दोन दिवस जातात.

डबीतला द्रव फॉर्मलिन आहे. तुकडा त्यात पुरता बुडालेला हवा. तुकड्याच्या निदान दहापट द्रव असावा असा दंडक आहे. सांडला तर पाणी किंवा स्पिरिट घालायचं नाही, लगेच फोन करून विचारायचं. फ्रीजमध्ये, बर्फात ठेवायचं नाही. डबी उघडून बघायची तर नाहीच.

आपल्या देशात इथे एक गोष्ट फार मोलाची आहे आणि ती पुष्कळदा निसटते. मानेतली किंवा काखेतली गाठ, फुप्फुसातली सावली, मणक्यातली खराबी हे सगळं टीबीमुळेही होतं. टीबीची जनुकीय चाचणी किंवा कल्चर करायचं तर त्या तुकड्याला फॉर्मलिन लागता कामा नये. तो साध्या सलाइनमध्ये वेगळा पाठवावा लागतो. म्हणून बायोप्सीच्या आधीच विचारा: "डॉक्टर, टीबीसाठी एक तुकडा वेगळा काढायचा का?" सरकारी टीबी केंद्रात ही चाचणी फुकट होते. हा एक प्रश्न विसरला गेला की रिपोर्टमध्ये "टीबीची शक्यता, कृपया पडताळावे" असं येतं आणि पडताळायला तुकडाच उरलेला नसतो.

सुई टोचली की गाठ पसरते, "हवा लागते", ही समजूत घरोघरी आहे. त्या भीतीने बायोप्सी टाळणारी सुशिक्षित घरंही कमी नाहीत. सुईच्या वाटेने पेशी पसरण्याचा प्रकार फार विरळा आहे, आणि अंडकोष, अंडाशय, हाडं-स्नायूंच्या गाठी यांसारख्या ज्या ठिकाणी काळजी घ्यावी लागते तिथे डॉक्टर मार्ग आधीच आखून घेतात किंवा सुई टाळतात. बायोप्सीशिवाय सहसा केमो नाही, रेडिएशन नाही, सरकारी योजनेची मंजुरीही बहुधा नाही.

एवढे दिवस का

तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये मुरावा लागतो. स्तनाच्या तुकड्याला तर निदान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास, असा नियम आहे. त्याबाहेर गेलं तर मार्कर्सचा निकाल बिघडू शकतो. मग तंत्रज्ञ आणि डॉक्टर मिळून त्याचं माप घेतात, रंग-रूप लिहून ठेवतात. रात्रभर तो यंत्रात अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेल्या मेणातून फिरतो. सकाळी त्याचा मेणाचा ब्लॉक तयार होतो. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर ब्लॉकचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दोनशे-तीनशे बसतील इतके पातळ. ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घेतले जातात आणि जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवले जातात. त्यानंतर पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात. लहान तुकड्याला चांगल्या लॅबमध्ये दोन ते चार कामाचे दिवस, मोठ्याला पाच ते सात. हाड असेल तर आधी कॅल्शियम काढावं लागतं, त्यात आणखी काही दिवस. आयएचसीचे तीन ते पाच दिवस वेगळे. जनुकीय तपासणी असेल तर दोन-तीन आठवडे. गर्दीच्या सरकारी रुग्णालयात साधा रिपोर्टही आठवडा-दोन आठवडे घेऊ शकतो. शुक्रवारी संध्याकाळी दिलेली डबी, किंवा गणपती-दिवाळीच्या तोंडावर दिलेली, आपोआप मागे पडते. दिवस निवडणं हातात असेल तर सोमवार-मंगळवार निवडा.

काही लॅब "अर्जंट"चे जादा पैसे घेतात. त्याने रांगेत पुढचा नंबर मिळेल. फॉर्मलिन आणि मेण त्यांच्याच गतीने चालणार. ऑपरेशनची तारीख खोळंबली असेल तर द्या, एरवी त्या पैशाने फारसं काही मिळत नाही. "आमच्या वहिनींचा तर अर्ध्या तासात कळला होता" असं कोणी सांगितलं तर ते फ्रोझन सेक्शन असणार. ऑपरेशन चालू असताना सर्जनला तातडीचा निर्णय हवा असतो तेव्हा तुकडा गोठवून पाहतात. तिथेही पक्का रिपोर्ट मेणाच्या ब्लॉकवरूनच येतो.

आणि उशीर होतोय म्हणजे नक्कीच वाईट आहे, हा हिशेब सोडून द्या. तुकडा आणखी खोल कापून बघणं, सहकाऱ्याचं मत घेणं, मार्कर लावणं हे साध्या गाठींच्या बाबतीतही होतं. घाईत "नाही" म्हणण्यापेक्षा दोन दिवस थांबणारा पॅथॉलॉजिस्ट आपल्या फायद्याचा. दुसरी भीती अशी की या आठवड्यात आजार पुढे जाईल. बहुतेक गाठी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे वाढत आलेल्या असतात. एक-दोन आठवड्यांनी उपचार सहसा बदलत नाहीत.

सहसा. अपवाद नीट लक्षात ठेवा, कारण तिथे रिपोर्टची वाट पाहायची नसते. श्वास घ्यायला त्रास, न थांबणारा रक्तस्राव, पाठदुखीबरोबर पायांतली ताकद जाणं किंवा लघवी अडणं, तापाबरोबर हिरड्यांतून रक्त आणि अंगावर काळे-निळे डाग: सरळ रुग्णालय गाठा. प्रोस्टेटच्या बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप आला किंवा फुप्फुसाच्या बायोप्सीनंतर धाप लागली, तरी तेच.

भीतीचं बिल

वाट पाहण्याच्या दिवसांत कोणत्या गोष्टींवर पैसे जातात ते कोणत्याही लॅबच्या काउंटरवर तासभर बसलात तरी दिसेल. पहिला नंबर ट्यूमर मार्करच्या रक्ततपासण्यांचा. सीए-१२५, सीईए वगैरे. या तपासण्या निदान झालेल्या आजारावर नजर ठेवायला उपयोगी. गाठ कॅन्सरची आहे की नाही हे त्या एकट्या ठरवत नाहीत. सीए-१२५ पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिओसिसमध्ये, पोटाच्या टीबीतही वाढतं. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर करा. "एक पॅकेज घेऊन टाकू" म्हणून करू नका; आकडा जरा वर आला की झोप तर उडतेच, शिवाय पुढची तपासणी मागे लागते. दुसरा नंबर पेट स्कॅनचा. १०,००० ते २५,००० रुपयांचा हा स्कॅन टीबीच्या गाठीतही उजळतो. सुई कुठे टोचायची हे ठरवायला डॉक्टर कधीकधी आधी करायला सांगतात, ते ठीक. पण एरवी त्याची जागा निदानानंतर, आणि तेव्हा तो योजनेत किंवा सवलतीत बसण्याची शक्यताही जास्त.

तिसरा नंबर शर्तिया इलाजवाल्यांचा. "रिपोर्ट यायच्या आत सुरू करा, गाठ विरघळेल" असं म्हणणाऱ्याला निदानच नको असतं, कारण साधी गाठ निघाली की श्रेय त्याचं आणि कॅन्सर निघाला की "तुम्ही उशिरा आलात." याला एक रुपयाही देऊ नका.

आणि नवा आरोग्य विमा. रिपोर्ट येण्याआधी पटकन पॉलिसी काढू, ही कल्पना अनेकांना सुचते, काही एजंटही सुचवतात. गाठीबद्दल डॉक्टरांनी तपासणी सांगितलेली असताना ती लपवून घेतलेल्या पॉलिसीचा दावा नाकारला जातो. हप्ता गेला आणि भरवसाही गेला. आधीपासून पॉलिसी असेल तर मात्र तिचे कागद आत्ताच बाहेर काढा. केवळ तपासणीसाठी झालेली भरती बहुतेक पॉलिसी मान्य करत नाहीत. पण पुढे त्याच आजारासाठी भरती व्हावं लागलं, तर त्याआधीच्या ३० किंवा ६० दिवसांतल्या तपासण्यांचा खर्च मागता येतो. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी, लॅबची पक्की पावती, सुईचं बिल, सगळं तारखेनुसार ठेवा. क्रिटिकल इलनेस पॉलिसीची रक्कम मिळवायला तर बायोप्सीचा रिपोर्टच मुख्य पुरावा.

कमी पैशांत किंवा फुकट

ईएसआय कार्ड असेल, सीजीएचएस असेल, नोकरीतून वैद्यकीय प्रतिपूर्ती मिळत असेल, तर आधी तिकडे. हे उघड आहे तरी घाबरलेली घरं नेमकं हेच विसरतात.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्रत्येक ठिकाणी बायोप्सी होतेच असं नाही. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, जशी ससून किंवा जेजे, वेगळ्या विभागाखाली येतात. तिथे शुल्क लागतं, पण खासगीच्या मानाने नाममात्र, आणि पॅथॉलॉजी विभागात अनुभवी प्राध्यापक बसलेले असतात. माझ्या मते वेळ काढता येत असेल तर साध्या बायोप्सीसाठी वैद्यकीय महाविद्यालय हा आपल्याकडचा सगळ्यांत दुर्लक्षित चांगला पर्याय आहे. गोव्यातल्या वाचकांसाठी तेच बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचं.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून राज्यातलं प्रत्येक कुटुंब येतं आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांची आहे. निदान होण्याआधी बाहेर केलेल्या तपासण्यांचे पैसे बहुतेक वेळा तुमचे तुम्हालाच भरावे लागतात, आणि कॅन्सरच्या उपचाराची मंजुरी मागताना बायोप्सीचा रिपोर्ट जोडावा लागतो. म्हणजे वाट पाहण्याच्या दिवसांत करण्यासारखं काम हेच: रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का बघा, जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते १५५३८८ या क्रमांकावर विचारा, जमल्यास तिथे योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला भेटून या. रिपोर्ट साधा निघाला तर एक फेरी फुकट गेली, एवढंच.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ खाली ही योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने ठरली आहे. शहरांतली बरीच नावाजलेली रुग्णालयं यात येतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकांना भेटा. बिल झाल्यावर नाही, होण्याआधी.

परळच्या टाटा रुग्णालयात जनरल आणि प्रायव्हेट असे दोन वर्ग आहेत आणि दरात मोठा फरक आहे. नोंदणीच्या वेळी कोणता वर्ग निवडता ते विचारपूर्वक ठरवा. राहण्यासाठी परळच्या नाना पालकर स्मृती समितीची आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेची सोय अनेकांना ठाऊक असते. पण तिथे रुग्णालयाचे कागद लागतात, आणि खोली लगेच मिळेलच असं नाही. रिपोर्ट हातात नसताना सामान घेऊन निघू नका.

रात्रीचे तास

दिवस कसाही जातो. रात्री मोबाइल हातात येतो आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टमधला एकेक शब्द शोधला जातो. तिथे निदान एवढं माहीत असू द्या: मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर "बायरॅड्स ४ए" लिहिलेलं असेल तर कॅन्सरची शक्यता २ ते १० टक्के धरतात, ४बी म्हणजे १० ते ५०, ४सी म्हणजे ५० ते ९५. म्हणजे "४" हा आकडा बघून हातपाय गळालेल्या अनेक बायकांचा रिपोर्ट साधा येतो. आपला आकडा कोणता आणि त्याचा अर्थ काय, हे डॉक्टरांना सरळ विचारा. शोधत बसण्यापेक्षा ते बरं.

घरात एकाच माणसाने फोन घ्यावेत. "रिपोर्ट आला का?" हा प्रश्न काळजीनेच विचारला जातो, पण दिवसातून दहा वेळा त्याला उत्तर देणं रुग्णाचं काम नाही. "आला की मीच कळवेन, तोवर कृपया फोन नको" असा एक निरोप सगळ्या ग्रुपवर टाकून द्या. आत्याबाई रागावल्या तर रागावू द्यात. झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. छातीत धडधड, जेवण न जाणं, सारखं रडू येणं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. रुग्णाइतकीच ती सोय नवऱ्याची, मुलीची, सुनेचीही आहे.

एक गोष्ट रिपोर्ट येण्याआधीच ठरवा, आणि ती रुग्णाला विचारून. आपल्याकडे "आईला सांगू नका" असं परस्पर ठरतं, मग सगळं घर आठवडाभर अभिनय करतं, आणि आईला पहिल्याच दिवशी कळलेलं असतं. सरळ विचारा: "रिपोर्ट आला की तुला सगळं सांगायचं, की आधी मी बघू?" काहींना सगळं हवं असतं, काहींना नको असतं, दोन्ही मान्य करा.

पीडीएफ थेट व्हॉट्सअ‍ॅपवर येणार का, किती वाजता, कोणाच्या फोनवर, हेही लॅबला आधी सांगून ठेवा. रिपोर्ट तुमचा आहे, तो तुम्हालाच मिळाला पाहिजे. पण रात्री साडेदहाला एकट्याने उघडण्यापेक्षा डॉक्टरांची वेळ रिपोर्टच्या अंदाजे दिवसानंतरची आधीच घेऊन ठेवणं शहाणपणाचं. लॅबमधल्या कोणाकडून तोंडी "तसं काही नाही वाटत" असं ऐकून पेढे आणू नका.

रिपोर्ट आल्यावर

पहिल्यांदा नाव, वय, शरीराचा भाग, डावा-उजवा हे जुळवा. खाली पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. "इनअ‍ॅडिक्वेट" किंवा "इनकन्क्लूसिव्ह" लिहिलं असेल तर कॅन्सर आहे किंवा नाही, यांपैकी काहीच सांगता आलं नाही. पुन्हा तुकडा घ्यावा लागेल. त्याचे पूर्ण पैसे पुन्हा द्यावे लागतील का, हे पहिल्या बायोप्सीच्या आधी विचारलेलं असेल तर सवलत मिळण्याची शक्यता जास्त.

कॅन्सर निघाला किंवा शंका राहिली तर दुसरं मत घ्या. त्यासाठी सुई पुन्हा टोचायची नसते. त्याच स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवायच्या असतात, १,००० ते ३,००० रुपयांत. मोठ्या ऑपरेशनच्या आधी याहून स्वस्त खात्री नाही. लॅबकडे साधा अर्ज देऊन स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, पोच द्या, क्रमांक लिहून ठेवा. रुग्णालयाकडच्या कागदपत्रांच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्यात, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे. स्लाइड फुटू नयेत अशा डब्यात घ्या आणि ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. नागपूरच्या मे महिन्यात बंद काचेमागे मेण मऊ पडायला वेळ लागत नाही. बिलावरून वाद मिटलाच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

रिपोर्ट साधा आला तर हसत घरी जा, पण त्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: "सोनोग्राफीत जे दिसलं होतं ते आणि हा रिपोर्ट जुळतो का?" सोनोग्राफी जोरात संशय दाखवते आणि बायोप्सी काही नाही म्हणते, असं झालं तर सुई गाठीच्या बाजूने गेली असण्याची शक्यता असते आणि तुकडा पुन्हा घ्यावा लागतो. जुळत असेल तर पुढची सोनोग्राफी कधी करायची ती तारीख रिपोर्टच्याच पाठीवर डॉक्टरांकडून लिहून घ्या.